वळणावरचा कोव्हाई

कोव्हाईची साल काढायला गेलं की केइटा आंटी आधी घसा खाकरायची. सिगारेटींनी तिच्या घशाची वाट लावलीच होती, पण हे खाकरणं निराळं. दुसऱ्याच्या अंगणात पाय टाकताना माणूस खाकरतो तसं. मग ज्याच्यासाठी औषध हवंय त्याचं नाव झाडाला सांगायची, त्याच्या आईचं सांगायची, आजीचं सांगायची, आणि मग कुठं सुरी बाहेर काढायची. मी मागं पिशवी धरून उभी. मला वाटायचं, किती वेळ लावते ही बाई, घरी वाम मासळी धुरावर टांगून आलेय, करपेल ती.

तिचे नियम मला पाठ होते. साल चार बोटं रुंद, पाचवं बोट नाही. सकाळचं ऊन ज्या अंगाला पडतं त्याच अंगाची. उघड्या पडलेल्या जागेवर नदीचा गाळ थापायचा. वापरून झालेली साल चुलीत घालायची नाही, त्याच झाडाच्या बुंध्याशी नेऊन पुरायची. एका दुखण्याला एकच झाड, मधेच बदलायचं नाही. आणि या सगळ्याच्या आधी, झाड कोणाचं ते विचारायचं. आमच्या खोऱ्यात मूल झालं की त्याची वार जमिनीत पुरतात आणि वर झाड लावतात. कुठं पुरली ते घरच्यांखेरीज कोणाला सांगत नाहीत. तशा झाडाला सुरी लावायची नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं.

"तुझ्या पोटाला कोणी न विचारता सुरी लावली तर चालेल का तुला?" एवढंच ती म्हणाली.

एकदा विद्यापीठातून एक चष्मेवाला आला होता. सालीचे तुकडे, फुलं, शेंगा, सगळं डब्यांत भरून घेऊन गेला. सहा महिन्यांनी त्याचं पत्र आलं. सालीत जखम चिघळू न देणारं काहीतरी असावं, पण आत्ताच नक्की सांगता येत नाही; बिया मात्र विषारी आहेत, पोटात घेऊ नयेत. आंटीने ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

"बिया खाऊ नयेत हे कळायला याला सहा महिने लागले," ती म्हणाली. "आमच्या कोंबड्यांना आधीपासून ठाऊक आहे."

आंटी गेली त्याला दोन वर्षं झाली होती. तिच्यानंतर लोक साल मागायला माझ्याकडे यायला लागले. माझ्यात तिचा गुण होता म्हणून नाही, मी तिच्या शेजारी राहत होते म्हणून.

माझा मुलगा, नाव टिपेने, जंगलात लाकूडतोडीवर होता. त्या वर्षी जुलैत उतारावरून एक ओंडका सुटला आणि त्याच्या डाव्या नडगीवर आला. हाड त्यांनी जोडलं, खिळे ठोकले, पण वरची जखम काही मिटेना. महिनाभर इस्पितळात ठेवून शेवटी त्याला घरी सोडलं. डॉक्टर पाकेहा होता, म्हणजे गोरा; भला माणूस. त्याने मला बाहेर बोलावून खुर्चीत बसवलं, तेव्हाच मी समजले.

"तीन आठवडे गोळ्या चालू ठेवू," तो म्हणाला. "एकवीस तारखेला घेऊन या. तोवर जखम भरली नाही तर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. विष हाडात उतरतंय."

टिपेने बावीस वर्षांचा. त्याचे वडील तो नऊ वर्षांचा असताना गेले. त्याच्याखेरीज घरात मला कोणी नव्हतं, आणि त्याला माझ्याखेरीज. घरी येताना गाडीत तो म्हणाला, "आई, बरंच झालं. यापुढे मोजे निम्मेच धुवायचे." मी त्याला गप्प बस म्हटलं. 

सभाघरामागचा मोठा कोव्हाई, ज्याची साल आंटी वर्षानुवर्षं काढायची, तो जूनच्या पुरात मुळासकट गेला होता. आणखी दोन झाडं होती, ती पोखरलेली. मग मला नदीच्या वळणावरचं झाड आठवलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या, माकेरेच्या कुरणाच्या खाली ते होतं. फार जुनं नाही, खोड माझ्या मांडीएवढं. सप्टेंबर लागला होता, पानं गळून गेली होती आणि पिवळ्या फुलांनी ते नुसतं लगडलं होतं. बुंध्याभोवती नदीतले गोटे ओळीने लावलेले होते. कोणीतरी हाताने लावल्याखेरीज गोटे असे बसत नाहीत, हे मला दिसत होतं. दिसत नव्हतं असं मी आता म्हणणार नाही.

विचारायचं कोणाला? माकेरेला. आणि माकेरेशी मी पाच वर्षं बोलत नव्हते.

ते भांडण हिरियावरून होतं. हिरिया माझी पहिली मुलगी. ती झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची, बिनलग्नाची. माकेरेच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि तिची कूस उजवली नव्हती. वडीलधारी बसली आणि ठरलं की हे मूल माकेरेचं. आमच्यात असं देणं-घेणं नवं नाही. बहिणीचं मूल बहीण वाढवते, आजी वाढवते, सगळ्यांना ठाऊक असतं, कोणी लपवत नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. मला कोणी विचारलंही नाही. बाळंत होऊन मी झोपले आणि उठले तेव्हा शेजारची जागा रिकामी होती. केइटा आंटीने माझी छाती फडक्याने आवळून बांधली आणि आठवड्याभरात दूध आटलं.

मी मन रमवलं. लग्न केलं, टिपेने झाला. हिरिया मला आंटी एराना म्हणायची, माकेरेला आई. एकविसाव्या वाढदिवसाला अख्खं खोरं जमलं होतं. माकेरे उभी राहून लेकीबद्दल बोलायला लागली, हिला असं वाढवलं, हिला तसं जपलं. मी दोन ग्लास जास्त घेतले होते. मी उठून म्हटलं, "वाढवलीस तू, पण माझी आहे ती. माझ्या पोटातून आलीय."  हिरिया बाहेर निघून गेली आणि पुढच्या महिन्यात सिडनीला. तेव्हापासून माकेरेने माझ्याकडे पाहिलं नाही, मी तिच्याकडे पाहिलं नाही. एकाच दुकानातून पीठ आणायचो दोघी.

तेव्हा तिच्या दारात जाऊन "तुझ्या खालचं झाड कोणाचं?" असं मी विचारू? मुलाचा पाय जात असताना मी तिच्यापुढे हात पसरू? मी स्वतःशी म्हटलं, झाड आपोआप उगवलेलं असेल. गोट्यांचं काय, पुरानेही येतात गोटे.

सोमवारी सकाळी मी सुरी घेऊन गेले. आंटीसारखी खाकरले. नाव सांगितलं, टिपेने. आईचं नाव सांगितलं, एराना. माझं नाव तोंडातून निघालं आणि वरून कोणीतरी खोकलं.

मी वर पाहिलं. टुई पक्षी होता, डोकं फुलांच्या परागाने पिवळं झालेला. टुई नकला करतात, कोणाची शीळ उचलतात, कोणाच्या फाटकाची करकर. हा आंटीचा खोकला खोकत होता. आधी कोरडा, मग ओला, शेवटी ती जीभ टाळूला लावून टक् करायची तेही. दोन वर्षांपूर्वी जिला आम्ही तीन दिवस रडून मातीत ठेवलं, तिचा खोकला. इतकी वर्षं त्याने ऐकला असेल, शिकला असेल, त्यात नवल ते काय, असं मी मनाला सांगितलं. मग घाईघाईने मी चार बोटांच्या जागी वीतभर रुंद साल सोलून घेतली. जखम मोठी होती. चार बोटांनी काय झालं असतं?

साल निघताना आणखी एक झालं. माझी छाती दुखायला लागली. दुखणं ओळखीचं होतं, म्हणून जास्त भ्याले. दोन्ही बाजूंनी ताठून आली, काखेपर्यंत ठणका गेला. बाळ रडलं की पान्हा फुटतो, त्याच्या आधी क्षणभर होतं तसं. मी पंचेचाळीस वर्षांची बाई. गाळ कसाबसा थापला आणि जवळजवळ पळतच घरी आले.

साल उकळली. घरभर वास सुटला आणि तो सालीचा वास नव्हता. तान्ह्या बाळाच्या टाळूला असतो तो वास. टिपेने म्हणाला, "काय शिजवतेस? गोड वास येतोय." म्हणजे त्यालाही येत होता.

त्या पाण्याने मी सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची आणि उकडलेली साल वर बांधायची. चौथ्या दिवशी कडेने गुलाबी कातडी दिसली. पट्टी बदलायला येणारी नर्स वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "हे काय लावलंत?" मी म्हटलं, "प्रार्थना." टिपेने हसला. दीड महिन्यांनी हसला तो. त्या रात्री त्याने तळलेला पाव मागून खाल्ला, चार तुकडे, काकवी घालून.

आंटी म्हणायची की झाडाची जागा मिटत येते तसा आजारी माणूस बरा होतो. इथे उलटं चाललं होतं. मुलाची जखम भरत होती आणि झाडाची काही मिटत नव्हती. मी गाळ थापून यायची आणि सकाळी तो अख्खा निघून खाली पडलेला असायचा. उघडा भाग ओलसर राहायचा, कडा लालसर झालेल्या. हात लावला तर ऊबदार. हे मी कोणालाच सांगितलं नाही. कोणाला सांगणार होते?

पुढच्या मंगळवारी साल संपली. मी दुसरी वीत काढली. सकाळच्या उन्हाचं अंग आधीच सोललेलं होतं, तेव्हा वळसा घालून बाजूची घेतली. टुई पुन्हा खोकला. छाती पुन्हा ताठली आणि या वेळी मला स्पष्ट वाटलं की माझ्या पाठीमागे कोणी उभं आहे आणि मी वळून बघण्याची वाट बघतंय. मी वळले नाही. काम आटपलं, गाळ लावला आणि खाली मान घालून निघाले. कुरणाचं फाटक ओलांडेपर्यंत ती नजर पाठीवर होती.

पंधरा तारखेला टिपेनेची जखम नाण्याएवढी उरली. सहा दिवस हातात होते. आणखी एक वीत साल, तेवढे दिवस धुणं, की मी त्याला चालवत डॉक्टरसमोर उभा करणार होते. सकाळी पिशवीत सुरी टाकली आणि दार उघडलं तर पायरीवर माकेरे.

पाच वर्षांत ती बारीक झाली होती. केस पांढरे, हातात मोटारीची किल्ली. आत ये म्हणावं की नको ते मला कळेना.

"हिरिया आलीय," ती म्हणाली. "परवा विमानाने. आजारी आहे. तुझ्याकडे सालीचं पाणी आहे का?"

"काय झालंय?"

"नागीण झालीय. ताप आहे. डॉक्टर म्हणतो बरी होईल, पण तिचे हाल बघवत नाहीत, एराना. अंगाला चादर लागू देत नाही. नाहीतर मी आले नसते तुझ्या दारात."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "चल."

स्वयंपाकघरात कालचं पाणी होतं, ते बाटलीत भरलं आणि तिच्या गाडीत बसले.  तिच्या त्याच घरात मी सव्वीस वर्षांपूर्वी बाळंत झाले होते.

हिरिया मागच्या खोलीत कुशीवर पडली होती. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मला बघून म्हणाली, "आंटी, तुम्ही दोघी एका गाडीतून आलात? मग मी नक्की मरतेय." तेवढं बोलून तिला धाप लागली.

माकेरेने तिचा सदरा वर केला.

डाव्या स्तनाखालून पाठीकडे एक पट्टा गेला होता. वीतभर रुंद. कातडी अशी निघालेली की आतलं ओलं, लाल दिसत होतं. पट्टा पाठीच्या कण्यावरून पलीकडे उजव्या बाजूला गेला होता आणि पोटापाशी थांबला होता. पुढे एक वीत जागा धड होती. तेवढीच.

"कण्याच्या पलीकडे ही सहसा जात नाही म्हणे," माकेरे म्हणाली. "सिडनीतल्या डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला बोलावून दाखवलं."

"सुरू कधी झालं?" मी विचारलं. 

"सोमवारी," हिरिया म्हणाली. "मागच्याच्या मागच्या सोमवारी. सकाळी कामावर उभी होते आणि एकदम कोणी सालपट ओढून काढावं तसं झालं. मग जरा थांबलं. या मंगळवारी पुन्हा, पाठीकडून."

मी बाटली खाली ठेवली. त्या पाण्याचा वास खोलीत पसरला होता.

बाहेर स्वयंपाकघरात माकेरे चहा ओतत होती. "ताजी साल आणशील का?" ती म्हणाली. "कुठूनही आण. फक्त वळणावरच्या झाडाला हात लावू नकोस. तिची वार आहे तिथे. माझ्या नवऱ्याने पुरली, झाड लावलं, गोटे मांडले. मी कोणाला कधी बोलले नाही, पण आता तूच साल काढतेस, तुला माहीत असायला हवं."

मी कप हातात घेतला नाही. "येते," एवढंच म्हटलं आणि मागच्या दाराने उतरले. सुरी पिशवीत होतीच.

इथून पुढचं मी कोणाला सांगावं असं नाही, पण सांगते. मी झाड वाचवायला गेले नव्हते. मी साल काढायला गेले होते. चालताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालली होती. हिरियाला मी एक दिवससुद्धा अंगाखांद्यावर खेळवलं नाही. टिपेनेला मी गोवरातून काढलं, बाप गेल्यावर त्याच्या शेजारी झोपले, त्याचा पहिला पगार त्याने माझ्या मांडीवर आणून ठेवला. तिला मी देऊन टाकलं होतं. दिलेल्या गोष्टीचं कोणी किती करायचं? आणि नागीण काय, होते लोकांना, बरी होते. झाडाचा आणि माणसाचा संबंध काय? त्या चष्मेवाल्याला विचारलं असतं तर तो हसला असता.

झाड तसंच फुललं होतं. सोललेल्या खोडावर सावलीकडच्या अंगाला एक वीत साल उरली होती. तेवढी निघाली की खोडाभोवती कडं पूर्ण होणार, आणि असं कडं पडलेलं झाड वाचत नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मी सुरी टेकवली. या वेळी टुई नव्हता. कोणी खोकलं नाही. मागे कोणी उभं असल्यासारखं वाटलं नाही. मी एकटी होते आणि माझी छाती भरून आली होती, आणि ब्लाउज दोन ठिकाणी ओला झाला होता. मी हात लावून बघितलं. तो घाम नव्हता.

"काप," मागून आवाज आला.

माकेरे होती. खिडकीतून मला वळणाकडे जाताना पाहून धावत आली असावी, छाती वरखाली होत होती. तिने खोड बघितलं. खाली पडलेला गाळ बघितला, माझा ओला ब्लाउज बघितला. तिला सगळं समजायला फार वेळ लागला नाही.

"काप ना," ती म्हणाली. "थांबलीस कशाला? तुझीच आहे ना ती? तुझ्या पोटातून आलीय ना? मी कोण विचारणारी?"

"टिपेनेचा पाय जाईल, माकेरे."

"मग काप म्हणतेय मी."

"मला ठाऊक नव्हतं."

"ठाऊक करून घेतलं नाहीस. माझं घर तिथे वर आहे, ढेकूळ फेकलं तर लागेल." तिचा आवाज फुटला. "सव्वीस वर्षं, एराना, रोज रात्री भीती वाटायची, ही एक दिवस येईल आणि मुलगी परत मागेल. तू मागितली असतीस तर भांडले असते मी. तू मागितलंसुद्धा नाहीस. येऊन सोलून नेलीस."

  मी सुरी खाली टाकली आणि गुडघ्यांवर बसले, आणि एवढी रडले की मला वाटतं तिला माझी भीती वाटली.  मग ती नदीत उतरली आणि ओंजळीने गाळ आणायला लागली. थोड्या वेळाने मीही उठले. आम्ही दोघींनी सगळं खोड गाळाने लिंपलं आणि काठच्या उंच गवताच्या चिवट पात्यांच्या पट्ट्या काढून वर घट्ट गुंडाळल्या. पट्टीची गाठ मारताना एकीचं बोट दुसरीला गाठीवर धरावं लागतं. तेवढ्यापुरता तिने माझा हात धरला.

घरी गेल्यावर टिपेनेने विचारलं, "साल?"

"संपली," मी म्हटलं. "झाडावर काढण्याजोगी उरली नाही."

तीन दिवसांनी नाण्याएवढी जागा पुन्हा पसरली. पाचव्या दिवशी वास यायला लागला. मी दुसऱ्या खोऱ्यातून साल आणली, नियम मोडून ती लावली, काही झालं नाही. एकवीस तारखेला डॉक्टरने पट्टी सोडली, बघितली, आणि टिपेनेच्या खांद्यावर हात ठेवला.

हिरियाचे फोड त्याच आठवड्यात सुकायला लागले. खपल्या धरल्या, ताप गेला. डॉक्टर म्हणाला, वेळ झाली होती, हा आजार इतक्या दिवसांनी उतरतोच, काही लावलं नसतं तरी उतरला असता. तो खरं बोलत असेल. मग मी माझ्या मुलाचा पाय एका झाडावरून ओवाळून टाकला, बाकी काही नाही. आणि तो खरं बोलत नसेल, तर मी माझी मुलगी वीतभर उरेपर्यंत सोलली होती. मी रात्री कूस बदलते तेव्हा एका कुशीवर हे असतं आणि दुसऱ्या कुशीवर ते. त्यातलं कुठलं खरं निघावं म्हणून देवाकडे मागू, ते मला अजून कळलेलं नाही.

ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी टिपेनेला सगळं सांगितलं. न सांगता राहवेना. तो छताकडे बघत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "जरा बाहेर बस, आई." मी दोन तास बाहेर बसले. चहावाली बाई दोनदा गाडी ढकलत गेली. मग त्याने आत बोलावलं.

"पाय कुठे आहे?" त्याने विचारलं.

आमची माणसं अंगाचा कापलेला भाग इस्पितळात सोडत नाहीत, मातीत ठेवतात. नर्सने सही घेऊन मला एक लांबट खोका दिला होता, दोरीने बांधलेला. तो मी मोटारीत ठेवला होता. मी म्हटलं, "तुझ्या वडिलांशेजारी ठेवू."

"स्मशानात नको," तो म्हणाला. "मी मेलो नाहीये. वळणावर ठेव. हिरियाच्या झाडापाशी."

"टिपेने."

"त्याचं एवढं घेतलं आपण. काहीतरी द्यायला नको का? जा, मावशीला विचार. आणि ती नाही म्हणाली तर परत ये, भांडू नकोस तिच्याशी."

मी खोका काखेत घेऊन माकेरेच्या पुढच्या दाराशी गेले. मांजर दारात बसलं होतं. मी जे विचारायचं ते विचारलं, एका दमात, आणि खाली बघत उभी राहिले. तिने खोक्याकडे पाहिलं. आत गेली. मला वाटलं, दार लावणार. ती पायात बूट चढवून, कुदळ घेऊन बाहेर आली.

आम्ही नदीपाशी उतरलो. झाडावर थोडी फुलं शिल्लक होती, बाकी सगळी खाली पडली होती. मी बुंध्याजवळ कुदळ उचलली तेव्हा तिने माझा दंड धरला.

"तिथे नको," ती म्हणाली. तिने चपटा गोटा पायाने बाजूला केला आणि त्याच्याखालच्या मातीवर हात ठेवला. "तिची वार इथे आहे. बघून ठेव. तू इकडे खण, हातभर अंतर सोडून."

मी तिथे हात ठेवला आणि मग खणायला लागले.